नागपंचमीचा तवा: परोपकाराला धर्माचा टेकू लागतो का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदमच अंगावर आल्या, तेव्हा मी बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात आत्याच्या गावी अडकलो होतो. गाव उंचवट्यावर. त्यामुळं नदीकाठची माणसं आणि जनावरं आमच्याकडं येत होती. शाळेच्या वर्गांत चटया पसरल्या होत्या, व्हरांड्यात शेरडं बांधली होती. ५ तारखेचा सोमवार, आणि त्यातच नागपंचमी.

पंचमीला आमच्याकडं चुलीवर तवा चढत नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, रानात नांगर घालायचा नाही. उकडलेलं खायचं, आधी करून ठेवलेले तंबिटाचे लाडू खायचे, पोरींनी झोके घ्यायचे. आत्या हे सगळं काटेकोर पाळते. एकादशी चुकवत नाही, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाते, पंढरपूरलाही जाते. त्या दिवशी दुपारी शाळेतनं निरोप आला की माणसं वाढलीत, भात पुरत नाही, पोरं रडायला लागलीत. आत्यानं परातीत जोंधळ्याचं पीठ ओतलं आणि चुलीवर तवा ठेवला.

शेजारीण दारातच थबकली. "अक्का, पंचमी हाय की आज!"

आत्या पिठाला पाणी लावत म्हणाली, "नागोबा बी बिळातनं भाईर पडलाय पुरानं. त्येला कळत न्हाई व्हय?"

तासाभरात गल्लीतल्या आणखी चार-पाच चुली पेटल्या. रात्री भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही शाळेत गेलो. निम्मी कुटुंबं कन्नड बोलणारी होती. आत्याला कन्नड फारसं येत नाही. "ऊटा माडरी, ऊटा माडरी" (जेवा, जेवा) एवढंच ती प्रत्येकापुढं म्हणत होती.

नंतर देवळाच्या कट्ट्यावर वाद जुंपला. आमचे एक माळकरी काका म्हणाले, देवाचं भय आहे म्हणून अजून माणूस माणसाला विचारतो, ते गेलं की संपलं. कट्ट्यावर निवृत्त कन्नड मास्तरही होते. तरुणपणापासून ते कुठल्याच देवाला हात जोडत नाहीत. तीन दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून ते माणसं आणत होते. ते एवढंच म्हणाले, "मग मी काय करत होतो ओ, काका?"

काकांना उत्तर सुचलं नाही, पण त्यांचं म्हणणंही बदललं नाही. मला तेव्हापासून वाटतंय की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. या वादात नेहमी असंच होतं.

एका शब्दात तीन प्रश्न

परोपकाराला आधार कशाचा, असं आपण विचारतो. पण भाकरी कशामुळं झाली असं विचारलं तर एक जण म्हणेल जोंधळ्यामुळं, दुसरा म्हणेल आत्याच्या मनात आलं म्हणून, तिसरा म्हणेल उपाशी माणसाला द्यायलाच पाहिजे म्हणून. तिघंही बरोबर आहेत. पहिल्यानं सांगितलं ती गोष्ट आली कुठून, दुसऱ्यानं सांगितलं तिला ढकललं कुणी, आणि तिसऱ्यानं सांगितलं ती करणं योग्य का.

परोपकाराचंही तसंच आहे. माणसात ही वृत्ती आली कुठून, हा इतिहासाचा आणि जीवशास्त्राचा प्रश्न. एखादा माणूस प्रत्यक्षात मदत कधी करतो आणि कधी तोंड फिरवतो, हा मानसशास्त्राचा. आणि मदत करणं चांगलं आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा नीतीचा. काका दुसऱ्याबद्दल बोलत होते: देवाच्या भयानं माणूस हलतो. मास्तरांनी स्वतःचाच दाखला देऊन तो दावा तेवढा मोडला. पण तिसऱ्या प्रश्नाला दोघांनीही हात लावला नव्हता. तो लावला होता आत्यानं, पीठ मळता मळता.

अथेन्सच्या कोर्टाबाहेर

तिसरा प्रश्न नीट मांडला गेला त्याला जवळजवळ चोवीसशे वर्षं झाली. तो प्लेटोच्या एका संवादात येतो. इसवी सनापूर्वी ३९९ सालची गोष्ट. सॉक्रेटिसवर खटला भरलाय, त्यासाठी तो कोर्टाच्या आवारात आलाय. तिथं त्याला युथिफ्रो नावाचा माणूस भेटतो. हा बहाद्दर स्वतःच्या बापावर खुनाचा दावा लावायला आलेला. त्यांच्या एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. बापानं मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि पुढं काय करायचं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत मजूर थंडीनं आणि भुकेनं मेला. बापाला कोर्टात खेचणं हेच देवाला मान्य असलेलं धर्मकृत्य आहे, याबद्दल युथिफ्रोला तिळमात्र शंका नाही. (असा आत्मविश्वास आपल्याकडंही कमी नाही; फक्त इकडं दावे बहुधा बांधावरनं असतात.)

सॉक्रेटिस त्याला विचारतो ते आपल्या भाषेत असं: एखादी गोष्ट चांगली आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती चांगली ठरते?

प्रश्न साधा दिसतो, पण कुठल्याही बाजूनं गेलं तरी अडचण होते. समजा, देवानं सांगितलं एवढ्याच कारणानं मदत चांगली. मग उद्या देवानं 'शाळेतल्यांना उपाशी ठेवा' म्हटलं, तर तेही चांगलं ठरेल. बहुतेक श्रद्धाळू माणसं इथं लगेच म्हणतात, छे, देव असं सांगणारच नाही. हे 'सांगणारच नाही' फार मोलाचं आहे. देवानं काय सांगावं याचं एक माप आपल्या मनात आधीपासून आहे, असा त्याचा अर्थ होतो. उलट बाजूनं, मदत मुळात चांगली आहे आणि म्हणून देव ती सांगतो, असं म्हटलं तर चांगुलपणाचं कारण देवाच्या आज्ञेत उरत नाही. देव ते सांगतो, आठवण करून देतो, पाठीशी उभा राहतो. पण ते चांगलं ठरतं ते दुसऱ्याच कशामुळं तरी.

श्रद्धावंत तत्त्वज्ञांनी यावर एक तिसरी वाट काढली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ते म्हणतात, दया हा देवाचा स्वभावच आहे. त्यामुळं त्याची आज्ञा लहरी असूच शकत नाही, आणि चांगुलपणा त्याच्या बाहेरही जात नाही. मला ही वाट निम्मीच पटते. 'देव दयाळू आहे' हे वाक्य स्तुती म्हणून आपण उच्चारतो, तेव्हा दया चांगली हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. नाहीतर ती स्तुती कशी होईल?

आता आत्याकडं बघा. तिच्यापुढं एक धार्मिक नियम होता आणि एक भुकेलं पोर होतं. तिनं नागोबाला सोडलं नाही. नियम खोटा आहे असंही म्हणाली नाही. नागोबा शहाणा असणार, हे तिनं गृहीत धरलं. म्हणजे काय बरोबर ते आधी ठरलं आणि देवाचं मत त्यावरून कळलं. हा क्रम माळकरी काकांच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे, आणि तो एका पक्क्या देवभोळ्या बाईचा आहे.

आपल्या संतांनी क्रम कसा लावला

हा क्रम काही आत्यानं शोधून काढलेला नाही. बाराव्या शतकातलं बसवण्णांचं वचन या भागात कन्नड शाळेत शिकलेल्या बहुतेकांना येतं: ज्यात दया नाही तो धर्म कसला, सगळ्या प्राण्यांविषयी दया हवी, 'दयवे धर्मद मूलवय्या'. दया हे धर्माचं मूळ. धर्म हे दयेचं मूळ असं ते म्हणत नाहीत. पाचेकशे वर्षांनी तुकोबा म्हणतात, 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा'. इथंही परोपकार केल्यानं पुण्य मिळतं असा व्यवहार नाही. परोपकार म्हणजेच पुण्य, अशी सरळ व्याख्या आहे. दोघंही कट्टर देवभक्त होते. बसवण्णांचं ते वचन कूडलसंगमदेवाचं नाव घेऊनच संपतं. त्यांना ओढून निरीश्वरवादी करण्याचा माझा इरादा नाही. मला एवढंच दाखवायचंय, की देव मानूनही दयेला देवाज्ञेच्या मागं उभं करावं लागत नाही.

त्यातच 'धर्म' हा शब्द घोटाळा वाढवतो. आपण शेजारधर्म म्हणतो. शेजाऱ्याला विरजण द्यायला, रात्री-अपरात्री त्याच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला कुठला ग्रंथ उघडावा लागत नाही, तरी शब्द धर्म. पंथ, देव, कर्मकांड यांच्याशी या धर्माचा संबंध नाही. आपल्या वाट्याला आलेलं काम, एवढाच त्याचा अर्थ. 'धर्माशिवाय नीती शक्य आहे का' असं मराठीत विचारलं की निम्मे लोक शेजारधर्म डोळ्यापुढं ठेवून 'नाही' म्हणतात, निम्मे देऊळ-मशीद डोळ्यापुढं ठेवून 'हो' म्हणतात, आणि भांडण मात्र चालू राहतं.

शिवाय सगळे धर्म देवावर उभे आहेत, हेही खरं नाही. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ च्या सुमाराचं जैन मंदिर. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जैन दर्शनात जग निर्माण करणारा, हुकूम देणारा, शिक्षा करणारा देव नाही. तरी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दानं आहेत, आणि तत्त्वार्थसूत्रातलं 'परस्परोपग्रहो जीवानाम्' हे वाक्य आहे: जीवांचं काम एकमेकांना आधार देणं. देवाचं भय गेलं की परोपकार संपतो असं म्हणणाऱ्यानं आधी आपल्याच गल्लीतल्या जैन घराकडं बघावं. अर्थात तिथं कर्माचा हिशोब आहे, त्यामुळं 'धर्माशिवाय' याचं हे उदाहरण नव्हे. 'आज्ञा देणाऱ्या देवाशिवाय' याचं मात्र आहे.

पैरा, भाऊबंद आणि वटवाघळं

आता पहिला प्रश्न: ही वृत्ती आली कुठून? इथं गेल्या दीडशे वर्षांत बरंच काही कळलं आहे.

डार्विनला ही अडचण टोचत होती. जो दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालतो त्याला पोरंबाळं कमी होणार. मग हा गुण टिकला कसा? १८७१ च्या ग्रंथात त्यानं सुचवलं, की ज्या टोळीत एकमेकांना मदत करणारे जास्त, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करते. १९६४ मध्ये जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टननं हिशोब मांडला: मदत करणाऱ्याचा तोटा एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्याचा फायदा, पण त्याला नात्याच्या जवळिकीनं गुणायचं. सख्ख्या भावंडाला निम्मं, चुलत भावंडाला एक अष्टमांश. फायद्याचं पारडं जड झालं की ती वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. त्याच्याही आधी जे. बी. एस. हाल्डेन गमतीनं म्हणाले होते म्हणे, की दोन सख्ख्या किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव द्यायला तयार आहे. आमच्याकडच्या भाऊबंदकीचे खटले बघितले असते तर हाल्डेननी हा आकडा वाढवला असता.

पण नात्यात नसलेल्यांचं काय? १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं सांगितलं ते खानापूरच्या भातवाल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. त्याला आपण पैरा म्हणतो. आज तुझ्या रानात रोप लावायला मी, उद्या माझ्या रानात तू. पैरा फेडावा लागतो, आणि जो फेडत नाही त्याच्या बांधावर पुढच्या पावसाळ्यात कुणी फिरकत नाही. रक्त पिणाऱ्या वटवाघळांत जेराल्ड विल्किन्सनला कोस्टा रिकात हेच दिसलं आणि १९८४ मध्ये त्यानं ते मांडलं: ज्याला रात्री रक्त मिळालं नाही त्याला दुसरं वटवाघूळ स्वतःच्या पोटातलं काढून देतं, आणि ही देवघेव ओळखीच्यांतच चालते. मराठीत उपकार 'फेडतात', त्याचं 'ओझं' होतं. भाषेला हा हिशोब फार आधी कळला होता.

पण पैऱ्यानं आत्याची भाकरी समजत नाही. शाळेतली माणसं पाणी उतरल्यावर आपापल्या गावी गेली. ती परत भेटणार नव्हती.

इथं मला सगळ्यात बोलका वाटतो तो लहान पोरांवरचा प्रयोग. २००६ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या बाळांसमोर एका अनोळखी माणसाला कपडे वाळत घालायला लावलं. त्याच्या हातनं चिमटा खाली पडला आणि तो घ्यायला हात पुरेना. बाळं उठून, दुडदुडत जाऊन चिमटा देत होती. कुणी मागितला नव्हता, शाबासकी नव्हती, बक्षीस नव्हतं. आणि तोच चिमटा त्यानं मुद्दाम फेकला, तर बाळं जागची फारशी हलत नव्हती. म्हणजे समोरच्याची अडचण त्यांना कळत होती. अठरा महिन्यांच्या बाळाला पाप-पुण्य, स्वर्ग-नरक काही ठाऊक नसतं. लहान चिंपांझींनीही अशी थोडी मदत केली.

मग झालं तर, परोपकार निसर्गातनं येतो, धर्माची गरज नाही? इतकी घाई करता येत नाही. निसर्गातनं बांधाची भांडणंही येतात. २००७ मध्ये जंग-क्यू चोई आणि सॅम्युएल बोल्स यांनी संगणकावर माणसांच्या प्राचीन टोळ्यांचं गणित मांडलं, तेव्हा दिसलं की आपल्या माणसांसाठी झिजणं आणि परक्यांशी वैर या दोन गोष्टी हातात हात घालून वाढू शकतात. एकेकट्या त्या तितक्या टिकत नाहीत. सीमाभागात राहणाऱ्याला हे वाचून चपापायला होतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण इथं आपली माणसं आणि त्यांची माणसं असं मोजत आलोय, आणि आपल्या माणसांसाठी जीव टाकणारेही दोन्हीकडं झालेत. म्हणून वृत्ती कुठून आली हे सांगून ती योग्य आहे की नाही हे ठरत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७३९-४० मध्ये बजावलं होतं, की 'आहे' पासून 'असावं' पर्यंत उडी मारताना मधली पायरी दाखवा. ती पायरी जीवशास्त्रात सापडत नाही.

जाता जाता एका माणसाची आठवण. जॉर्ज प्राइसनं १९७० मध्ये परोपकार पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो या गणिताचं एक फार सुंदर समीकरण काढलं. त्याच वर्षी तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला, आणि पुढं आपलं होतं नव्हतं ते लंडनच्या बेघरांना देत सुटला. १९७५ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याला गणितानं तिथं नेलं की श्रद्धेनं की आजारानं, यावर लोक अजून लिहितात. मी त्यातून काही सिद्ध करणार नाही.

घाईत असलेले भावी पाद्री

दुसरा प्रश्न काकांचा: धर्म माणसाला हलवतो का?

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले चाळीस विद्यार्थी, पुढं पाद्री होणारे. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय बायबलमधली 'भल्या शोमरोनी'ची गोष्ट, काहींचा नोकरीच्या संधी. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला. तो प्रयोगाचाच भाग. काहींना सांगितलं होतं भरपूर वेळ आहे, काहींना वेळेत आहात, काहींना उशीर झालाय, पळा. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्यांपैकी ४५, आणि घाईतल्यांपैकी १०. भाषणाच्या विषयानं म्हणावा असा फरक पडला नाही. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

त्या गोष्टीचं सार आपल्याकडच्यांनी जरूर ऐकावं. एक जण येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे शेजारधर्म कुठपर्यंत पाळायचा? उत्तरात येशू सांगतो, की जखमी पडलेल्या ज्यू माणसाला त्याचा याजक सोडून गेला, देवळातला सेवक असलेला लेवी सोडून गेला, आणि थांबला तो शोमरोनी. ज्यू आणि शोमरोनी यांचं पिढीजात वैर. बेळगावच्या भाषेत सांगायचं तर थांबला तो सीमेपलीकडचा. धर्मग्रंथातलीच गोष्ट, पण ती धर्म-जमातीच्या कुंपणावर बोट ठेवते.

२००७ मध्ये अझीम शरीफ आणि आरा नोरेंझायन यांनी लोकांच्या मनात आधी देवाशी संबंधित शब्द पेरले आणि मग अनोळखी माणसाबरोबर पैसे वाटून घ्यायला सांगितले. देव आठवलेल्यांनी जास्त दिले. पण कोर्ट, पोलीस, करार असे शब्द पेरल्यावरही लोकांनी तितकेच दिले. पुढं २०१५ मध्ये जास्त माणसांवर असाच प्रयोग झाला तेव्हा देवाचा हा परिणाम दिसला नाही. कुणीतरी बघतंय ही भावना माणसाला सरळ ठेवते, एवढं काकांच्या बाजूनं मान्य करता येईल. तो बघणारा देवच असायला हवा असं मात्र दिसत नाही.

आणि बघणाऱ्याला घाबरून केलं तर तो परोपकार कसला? जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्ये दुकानदाराचं उदाहरण दिलं. दुकानदार लहान पोरालाही माप पुरेपूर देतो, कारण फसवलं तर गिऱ्हाईक तुटेल. काम चांगलं, पण त्यात नीती नाही, धंदा आहे. पुण्य साठवायला वाटलेली भाकरी त्याच रांगेत बसते. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सबद्दल सांगतात की तो एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे देत होता, तेव्हा कुणीतरी विचारलं, येशूची आज्ञा नसती तर दिले असतेस का? तो म्हणाला, हो. त्याची दशा बघून मला त्रास होत होता, पैसे दिल्यानं त्याचा त्रास हलका झाला आणि माझाही. लोक म्हणतात, बघा, हाही स्वार्थच. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या भुकेनं ज्याचं पोट तुटतं त्याला स्वार्थी कसं म्हणायचं? स्वार्थी माणसाचं पोट तुटतच नाही.

मग 'का करावं' याचं उत्तर

धर्माशिवाय तिसऱ्या प्रश्नाची जी उत्तरं दिली गेली, त्यांतली मुख्य तीन भाकरीच्याच भाषेत सांगता येतात. एक: भूक वाईट आहे, कुणाचीही असो, माझी असल्यानं ती जास्त वाईट होत नाही. दोन, कांटचं: कुणी कुणाला मदत करायची नाही असा नियम सगळ्यांना लागू झालेला मला चालेल का? उद्या पाणी माझ्या दारात आलं तर? नाही चालणार, मग तो मी एकट्यापुरता कसा लावू? (कांट स्वतः देव मानायचा, नीती त्यावर उभी आहे असं मात्र मानत नव्हता.) तीन, ह्यूमचं: तर्क बाजूला ठेवा, दुसऱ्याच्या वेदनेचा पडसाद आपल्यात उमटतो, आणि तो शांतपणे, पक्षपात काढून बघितला की त्यालाच आपण चांगुलपणा म्हणतो.

पहिल्या उत्तराला तत्त्वज्ञ पीटर सिंगरनं १९७२ मध्ये टोक आणलं. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, त्या वेळी लिहिलेला लेख. उथळ तळ्यात पोर बुडतंय, तुम्ही कपड्यांचा विचार न करता उतराल ना? मग पोर हजार कोसांवर असलं तर काय बदलतं? या युक्तिवादाची मला भीती वाटते, कारण तो कुठं थांबावं हे सांगत नाही. तरी २०१९ मध्ये तो आठवत होता. सांगली-कोल्हापुरात आणि चिकोडी-अथणीत महापूर एकाच आठवड्यात आला. याद्या आणि पंचनामे मात्र दोन राज्यांत दोन. ओल एकच असताना कागद वेगळे का, याचं प्रशासकीय उत्तर आहे. नैतिक उत्तर मला सापडलं नाही.

आता हट्टी माणूस विचारेल, दुसऱ्याची भूक वाईट असेना, मला काय त्याचं? खरं सांगायचं तर या माणसाला कुठलाही तत्त्वज्ञ दोरीनं बांधून भाकरी वाटायला लावू शकत नाही. इथं श्रद्धावंत म्हणतात, बघा, म्हणूनच देव लागतो. पण तोच माणूस पुढं विचारेल, देवाचं तरी मी का ऐकू? उत्तर 'नाहीतर शिक्षा होईल' असेल, तर आपण कांटच्या दुकानात परत आलो. उत्तर 'त्यानं एवढं दिलंय, कृतज्ञ राहायला नको?' असेल, तर कृतज्ञ राहणं योग्य हे देवाच्या आधीच मान्य केलं. ज्या खडकावर धर्माशिवायची नीती अडते, त्याच खडकावर धर्मासकटची नीतीही अडते. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि कट्ट्यावर ती कुणी बोलत नाही.

कृष्णेच्याच वरच्या अंगाला, कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी विद्यार्थी असताना आईला पत्र लिहिलं होतं: मोठ्या पगाराची वाट बघू नकोस, पोटापुरत्या पैशावर राहून बाकी वेळ मी परहितात घालवणार आहे. अज्ञेयवादी माणूस, १८९५ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत गेला, आणि शब्द पाळून गेला. गांधीजी दुसऱ्या टोकाचे, नखशिखांत श्रद्धावान. त्यांनी अध्यक्षपद भूषवलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन १९२४ मध्ये आपल्या बेळगावातच भरलं. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते म्हणाले, की पूर्वी मी 'ईश्वर सत्य आहे' म्हणायचो, आता 'सत्य हाच ईश्वर' म्हणतो. कारण ईश्वर नाकारणारा नास्तिकही सत्य नाकारत नाही. शब्दांचा क्रम बदलला आणि आगरकर त्यात मावले.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूचा आहे. कारण असणं वेगळं आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक तासाभरात उभा राहणं वेगळं. पुरात मोठी पातेली निघाली ती देवळातनं, मठातनं, मशिदीतनं आणि बस्तीतनं. दासोहाची, म्हणजे मठातल्या अन्नदानाची, सवय असलेल्यांना चारशे माणसांचा भात किती हे विचारावं लागत नाही. मास्तरांसारख्यांकडं कारणं चोख होती, पातेली नव्हती. ट्रॅक्टरही दुसऱ्याचाच होता. धर्म नको असणाऱ्यांनी रक्तदानाची शिबिरं, वाचनालयं, शाळा उभ्या केल्या आहेत, पण रोज पेटणारी चूल क्वचितच. मास्तरांना मी हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "खरं हाय. आमच्यात आरती नसल्यानं पातेलं घासायला कोण येत नाही."

पुढच्या वर्षी पंचमीला मी मुद्दाम आत्याकडं गेलो. चूल पेटली होती, वर मोदकपात्रात दिंडं उकडत होती. तवा भिंतीला टेकवून पालथा ठेवलेला. मी म्हटलं, "आत्या, गेल्या वर्षी चालला की तवा. यंदा का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून याला काही कळत नाही.

"यंदा कुठं पूर आलाय?"